तरुणांना नोकरी लागते, पण ती टिकण्यासारखी असते का? सामाजिक संस्थांच्या कामाबद्दल

पायवाट

नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षं मी एका सामाजिक संस्थेत तरुण मुलामुलींना कामाला लावून देण्याचं काम करते. आमच्या भाषेत प्लेसमेंट. बॅच संपली की किती जण रुजू झाले तो आकडा देणगीदारांना कळवायचा आणि पुढच्या बॅचच्या तयारीला लागायचं. बरीच वर्षं मला त्यात काही खटकलं नव्हतं.

मग एका दुपारी एका मुलीचा फोन आला. पॅकिंगच्या कामाला लागून तिला अकरा दिवस झाले होते. "ताई, मी सोडू का हे काम?" कुणी त्रास देतंय का, घरून काही अडचण आहे का, कामाचे तास जास्त आहेत का, सगळं विचारून झालं. प्रत्येकाला "नाही". शेवटी खूप वेळाने म्हणाली, "इथलं बायकांचं टॉयलेट बंद असतं. मी सकाळपासून पाणीच पीत नाही."

दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले. टॉयलेट होतं, चांगलं फरशी-बिरशी लावलेलं. आत रिकामी खोकी पार छतापर्यंत रचलेली आणि किल्ली स्टोअरवाल्याच्या खिशात. त्या मजल्यावर याआधी बाईमाणूस कामाला नव्हतंच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता. त्याने माझ्यादेखत खोकी हलवायला लावली आणि किल्ली दाराशेजारी खिळ्याला अडकवली. अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यावरून ती मुलगी नोकरी सोडणार होती, आणि आमच्या अहवालात मात्र ती 'रुजू' म्हणून कायमची नोंदली गेलेली होती.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालंय. मूल कामावर रुजू होतं तिथे संस्थेचं काम संपत नाही, तिथून पुढचे सहा महिने सर्वांत महत्त्वाचे असतात. आणि नेमक्या त्याच सहा महिन्यांसाठी कुणी निधी देत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९९ मध्ये, हुआन सोमाविया महासंचालक असताना, 'सन्मानाचं काम' ही कल्पना मांडली. तिचे चार पाय आहेत: रोजगार निर्माण होणं, कामाच्या जागी हक्क मिळणं, आजारपण-अपघात-म्हातारपण यांसाठी संरक्षण असणं आणि मालक, कामगार व सरकार यांच्यात बोलणं चालू असणं. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली तेव्हा आठव्या उद्दिष्टात हेच घेतलं. म्हणजे नुसतं 'काम मिळालं' हा त्या चार पायांपैकी एकच झाला. आपल्या संस्था बाकीच्या तीन पायांसाठी काय करतात? तुमचे अनुभव लिहा. संस्थेत काम करणारे, तिथून शिकून बाहेर पडलेले, मुलांना कामावर घेणारे, सगळ्यांनीच लिहा.

सांजवेळ

महत्त्वाचा विषय. ते पाण्याचं वाचून पोटात कालवलं. वाचतेय, लिहा सगळ्यांनी.

गिरमिट

लेख आवडला, पण एक मूलभूत शंका मांडतो. संस्था रोजगार 'निर्माण' करतात असं आपण सर्रास म्हणतो. खरंच करतात का? कारखान्यात दहा जागा आहेत. संस्थेने दहा मुलं तयार केली आणि ती लागली. संस्था नसती तर त्या जागी दुसरी दहा लागली असती. जागा दहाच राहिल्या, रांगेतला क्रम तेवढा बदलला.

हे मी मनाने बोलत नाही. फ्रान्समध्ये क्रेपॉन या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुशिक्षित बेरोजगार तरुणांना नोकरी शोधायला मदत देण्याच्या कार्यक्रमाची फार मोठी चाचणी घेतली, २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ज्यांना मदत मिळाली त्यांना नोकरी मिळण्याचं प्रमाण वाढलं, पण त्याच भागात ज्यांना मदत नव्हती त्यांचं घटलं. जिथे नोकऱ्यांची टंचाई होती तिथे हे जास्त दिसलं. आणि जो फायदा झाला तोही पुढे विरून गेला. अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये विकसनशील देशांतल्या अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. व्यवसाय प्रशिक्षण मिळालेल्या १०० जणांमागे, प्रशिक्षण नसतं तर लागली नसती अशी नोकरी लागलेले तीनसुद्धा भरत नाहीत.

संस्थांच्या कळकळीबद्दल मला जराही शंका नाही. पण कळकळ आहे म्हणून परिणाम आहेच, असं धरून चालू नये. तरुणांचं आयुष्य आहे हे.

पायवाट

गिरमिट, मनापासून आभार. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा दोन दिवस मला काम सुचलं नव्हतं. तुमचं बरोबर आहे. आमच्या बॅचमधली ८० टक्के मुलं लागली असं आम्ही सांगतो तेव्हा त्यांतली किती आमच्याशिवायही लागली असती हे आम्ही कुणालाच सांगत नाही.

पण सरासरीच्या आत डोकावायला हवं. काही कार्यक्रम याच कसोटीवर उतरलेत. अमेरिकेत २००० साली बॉस्टनमध्ये 'इयर अप' ही संस्था सुरू झाली. सहा महिने प्रशिक्षण, त्यानंतर सहा महिने मोठ्या कंपनीत इंटर्नशिप, आणि या पूर्ण काळात मुलांना विद्यावेतन. इंटर्न घेणारी कंपनी त्यासाठी संस्थेला पैसे मोजते. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत तशा पद्धतीने तिची चाचणी झाली, आणि पाच वर्षांनंतरही त्या मुलांची कमाई दुसऱ्या गटापेक्षा बरीच जास्त राहिली.

मला यातली पैसे मोजण्याची बाब फार महत्त्वाची वाटते. जी कंपनी इंटर्नसाठी पैसे मोजते ती त्याला कोपऱ्यात झेरॉक्स काढायला बसवत नाही. आधी 'आम्हाला नेमकं असं काम येणारा माणूस हवा' हे तिला सांगावं लागतं. बहुतेक संस्थांमध्ये याच्या उलटं घडतं. आम्ही आधी शिकवतो आणि मग शिकवलेल्याला गिऱ्हाईक शोधत हिंडतो.

आणि रांगेतल्या क्रमाबद्दल. जो कायम रांगेच्या शेवटीच उभा असतो, ज्याच्या घरात पगारी नोकरी कुणी केलेलीच नाही, त्याला पुढे आणणं हेही मला छोटं काम वाटत नाही. तरीही तुमचा मुद्दा उरतोच. नव्या जागा कुठून येणार?

शिदोरी

त्यावर लिहिते, कारण मी अशाच ठिकाणी काम करते. काही संस्था दुसऱ्यांच्या दारात नोकऱ्या शोधत बसत नाहीत, स्वतःच उद्योग काढतात.

लॉस एंजेलिसमध्ये फादर ग्रेगरी बॉयल यांनी १९८८ मध्ये टोळ्यांमध्ये अडकलेल्या तरुणांसाठी काम सुरू केलं. तुरुंगात जाऊन आलेल्या पोरांना कुणी दारात उभं करेना, तेव्हा १९९२ मध्ये बेकरीच काढली. 'होमबॉय इंडस्ट्रीज' ती हीच. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांमधली पोरं तिथे एकाच ओट्यावर पीठ मळतात. कंबोडियात २००१ मध्ये 'डिजिटल डिव्हाइड डेटा' सुरू झाली. गरीब घरातली मुलं तिथे डेटाचं काम करतात आणि बरोबरीने शिष्यवृत्तीवर पदवीचं शिक्षण घेतात. पुढे दुसरीकडे चांगली नोकरी लागून ती बाहेर पडावीत, असंच गृहीत धरलेलं आहे. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये १९७८ साली तरुणांनी पडीक इमारत दुरुस्त करायला घेतली, त्यातून पुढे 'यूथबिल्ड' ही संस्था उभी राहिली. अर्धा वेळ बांधकामावर, अर्धा वेळ वर्गात.

आणखी मागे जायचं तर स्पेनच्या बास्क भागातलं मोन्द्रागोन आहे. आरिझमेंदियारिएता नावाच्या पाद्र्यांनी १९४३ मध्ये तिथे एक तंत्रशाळा काढली. तिच्यातून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९५६ मध्ये छोटा कारखाना सुरू केला, आणि त्यातूनच आजचा प्रचंड मोठा सहकारी समूह उभा राहिला. शाळा काढल्यापासून कारखाना निघेपर्यंत तेरा वर्षं गेली. तीन वर्षांच्या निधीवर चालणाऱ्या आम्हा लोकांना एवढी वाट पाहायची मुभा कुठे असते?

आतून चित्र सोपं नाही, हेही सांगायला हवं. आमच्या शिवणकेंद्रात नवीन मुलगी आली की पहिले दोन महिने तिच्या हातून माल निघत नाही, उसवणंच जास्त. ऑर्डर मात्र तारखेला द्यायचीच असते. मग जुन्या मुलींवर ताण येतो. अशा एका महिन्यात आम्ही सलग आठ दिवस उशिरापर्यंत काम करून घेतलं आणि ओव्हरटाइमचा विषय 'नंतर बघू' म्हणून टाळला. एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, तुम्हीच वर्गात शिकवलंत की जादा तासांचे जादा पैसे मागायचे असतात." मी पुढच्या पगारात ते दिले. पण ती बोलली नसती तर? अजूनही मला त्याचं वाईट वाटतं.

रंधा

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. माझा फर्निचरचा लहान कारखाना आहे, सहा कारागीर. चार वर्षांपूर्वी एका संस्थेची बाई आली आणि म्हणाली, आमचा एक मुलगा शिकाऊ म्हणून घ्या. मी घेतला. माझी समजूत अशी की काम शिकवतोय हेच पुष्कळ, पैसे कसले द्यायचे? मीही तसाच शिकलो होतो, उस्तादाच्या हाताखाली दोन वर्षं फुकट. बाई हसतमुख, पण हटेना. लेखी करार, ठरलेले तास, दरमहा विद्यावेतन, आणि कोणत्या महिन्यात काय शिकवणार त्याचा कागद. मला राग आला होता, खरं सांगतो.

तो कागद करायला बसलो तेव्हा कळलं की मी कुणाला पद्धतशीर असं कधी शिकवलेलंच नाही. पोरगं दोन वर्षं पॉलिश पेपर घासत राहायचं आणि मग आपसूक काही तरी उचलायचं. आता पहिला महिना मापं आणि अवजारांना धार लावणं, दुसरा-तिसरा रंधा मारणं, मग साल आणि कूस, म्हणजे लाकडाचे सांधे. सात महिन्यांत तो मुलगा ड्रॉवर एकट्याने बसवायला लागला. तेवढं यायला मला दीड वर्षं लागली होती.

मध्ये तो तीन दिवस ओळीने उशिरा आला. मी काढूनच टाकणार होतो. बाईंना फोन केला, त्या संध्याकाळी आल्या, आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं. त्याच्या गाडीची वेळ बदलली होती आणि पुढची गाडी चाळीस मिनिटांनी होती. तो मला घाबरून बोलला नव्हता. मी त्याची वेळ अर्धा तास पुढे केली आणि संध्याकाळी अर्धा तास वाढवली. विषय संपला.

गिरमिट यांच्या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर: माझ्याकडे ती जागा नव्हती. मी माणूस शोधत नव्हतो. तो तयार झाला म्हणून मी मोठी कामं घ्यायला लागलो, आणि आता नऊ कारागीर आहेत. सगळ्यांना नेमणूकपत्र दिलंय, जुन्यांनाही. नव्या पोराच्या हातात कागद आणि पंधरा वर्षांच्या कारागिराच्या हातात काहीच नाही, हे मलाच बघवेना.

गिरमिट

रंधा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हे माझ्या हिशेबात नव्हतं. लहान उद्योजकाला माणूस घडवण्याचा वेळ आणि धोका परवडत नाही, तो भार संस्थेने उचलला तर जागा खरोखर वाढू शकते. मुद्दा मान्य.

पायवाट

रंधा, जुन्या कारागिरांनाही नेमणूकपत्र दिलंत हे वाचून डोळे भरून आले. तुमच्याकडे आलेल्या बाईंनी जे मागितलं ते आता जगाच्या पातळीवर लिहिलं गेलंय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वार्षिक परिषदेने जून २०२३ मध्ये शिकाऊ उमेदवारीबद्दल शिफारस क्रमांक २०८ मंजूर केली. तिच्यात लेखी करार आहे, योग्य मोबदला आहे, कामाचे तास आणि सुरक्षितता आहे. शिफारस असल्यामुळे ती कुणावर बंधनकारक नाही, पण मालकाशी बोलायला बसताना हातात असली की आम्हाला बळ येतं.

ओंजळ

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ मध्ये जगभरात १५ ते २४ वयातले ६.४९ कोटी तरुण बेरोजगार होते, म्हणजे १३ टक्के, आणि हा पंधरा वर्षांतला नीचांक म्हणून सांगितला गेला. पण बेरोजगार कुणाला धरतात? जो काम शोधतोय त्याला. जी मुलगी घरात भावंडं सांभाळतेय ती त्यात येतच नाही. शिक्षणातही नाहीत, कामातही नाहीत आणि प्रशिक्षणातही नाहीत असे तरुण त्याच वर्षी २०.४ टक्के होते, दर पाचात एक. आणि त्यांतल्या दर तिघांपैकी दोन मुली.

लायबेरियात २०१० मध्ये मुलींसाठी एक कार्यक्रम सुरू झाला. सरकारचा होता, जागतिक बँकेचं पाठबळ होतं, पण प्रशिक्षण देण्याचं काम संस्थांकडे होतं, आणि मुली कामाला लागल्या तरच संस्थांना बक्षिसाची रक्कम मिळायची. सहा महिने वर्ग, पुढचे सहा महिने कामाला लागण्यासाठी सोबत. त्यांनी प्रशिक्षणाच्या जागीच लहान मुलांना सांभाळायची सोय केली. तुलनेच्या गटापेक्षा रोजगार ४७ टक्क्यांनी आणि कमाई ८० टक्क्यांनी वाढली. आमच्याकडे पाळणाघराचा प्रस्ताव मांडला की विचारतात, "याचा कौशल्याशी काय संबंध?" आमच्या एका बॅचमध्ये बाळाला कडेवर घेऊन कीबोर्ड शिकणारी मुलगी होती. बाळ 'एंटर' दाबायचं आणि ती परत मागे जाऊन सगळं नीट करायची. तिच्यासाठी पाळणाघर हेच कौशल्य प्रशिक्षण होतं.

खडीसाखर

सगळे नोकरीबद्दलच बोलतायत. स्वतःचा धंदा करू पाहणाऱ्यांचं काय? ब्रिटनमध्ये १९७६ साली सुरू झालेला 'प्रिन्स ट्रस्ट' (आता 'किंग्ज ट्रस्ट') तरुणांना भांडवल आणि त्याबरोबर एक अनुभवी मार्गदर्शक देत आलाय. बांगलादेशातून सुरू झालेल्या 'ब्रॅक' या सामाजिक संस्थेने युगांडात मुलींचे क्लब काढले, तिथे धंद्याचं शिक्षण आणि आयुष्याबद्दलचं शिक्षण एकत्र दिलं. चार वर्षांनी त्या भागातल्या जास्त मुली कमावत्या दिसल्या, बहुतेक स्वतःच्या धंद्यावर.

फक्त वीस वर्षांच्या पोराला नुसतं कर्ज देऊन मोकळं होणाऱ्यांचं मला पटत नाही. धंदा बुडाला तरी हप्ता थांबत नाही.

तळमजला

एक गोष्ट कुणी बोललं नाही. संस्था स्वतःही नोकऱ्या देतात. बऱ्याच तरुणांची पहिली नोकरी संस्थेतच असते. मी सहा वर्षांत चार प्रकल्पांवर काम केलं. प्रत्येक वेळी अकरा महिन्यांचं कंत्राट. निधी संपला की घरी, पुढचा निधी आला की परत बोलावणं. मधल्या काळात पगार नाही, आजारपणाची सोय नाही. आणि काम काय, तर मुलांना सन्मानाच्या नोकरीबद्दल शिकवायचं. एका मुलाने वर्गात विचारलं, "सर, तुमची नोकरी पक्की आहे का?" मी त्याला खरं ते सांगितलं.

संस्थेचं नाव घेत नाही, तिथली माणसं चांगली होती. पण देणगीदारांना माझं सांगणं आहे: प्रशिक्षणाचा खर्च देता, तसा प्रशिक्षकाच्या पक्क्या पगाराचाही द्या.

पायवाट

तळमजला, हे आमच्याकडेही तसंच आहे. मी स्वतः पाचव्या वर्षी कायम झाले. त्याआधीची वर्षं मी विसरलेले नाही.

नवी पालवी

मी कधी लिहीत नाही, पण आज लिहिते. मी एका संस्थेतूनच शिकले, आता अकाउंट्समध्ये आहे. इंग्रजी, संगणक, मुलाखत, सगळं शिकवलं त्यांनी, पण मला सर्वांत जास्त उपयोगी पडला एक कागद. कोरी पगारपावती. सरांनी प्रत्येकाला एकेक दिली आणि म्हणाले, हातात येणाऱ्या रकमेकडून वर वाचत जा. मूळ पगार किती, कापलं काय, कशासाठी कापलं, ते कुठे जमा झालं. दोन दिवस आम्ही तेच केलं. कंटाळा आला होता.

पहिल्या पगाराला माझ्या पावतीत एक दिवस बिनपगारी दाखवला होता. त्या दिवशी मी कामावर होते. पूर्वीची मी गप्प बसले असते. मी हजेरीचं पान घेऊन गेले, त्यांनी चूक मान्य केली आणि पैसे पुढच्या महिन्यात आले. रक्कम लहान होती. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "भांडलीस?" मी म्हटलं, "नाही ग, विचारलं फक्त."

अंगण

ताई, माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा आहे. दोन संस्थांची माहिती मिळालीय, दोन्हीकडे '१०० टक्के नोकरी' लिहिलंय. कुठली निवडायची ते कसं ओळखू? त्यातली एक संस्था नोंदणीचे पैसे मागतेय, नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातूनही काही द्यायचं म्हणतेय.

पायवाट

अंगण, नोकरी लावून देण्यासाठी पगारातून पैसे मागत असतील तर तिथेच थांबा. खासगी रोजगार संस्थांबद्दलचा १९९७ चा आंतरराष्ट्रीय करार, क्रमांक १८१, नोकरी लावून दिल्याबद्दल कामगाराकडून पैसे घेऊ नयेत असं सांगतो. सामाजिक संस्थेने तर अजिबातच घेऊ नयेत.

दुसऱ्या ठिकाणी स्वतः जा, भावालाही घेऊन जा. गेल्या वर्षीच्या बॅचमधल्या दोघा-तिघांशी बोलायचंय म्हणून सांगा. किती लागले हे विचारू नका, सहा महिन्यांनी किती जण त्याच जागी किंवा त्याहून चांगल्या जागी आहेत ते विचारा. नोकरीत अडचण आली तर फोन कुणाला करायचा, त्या माणसाचं नाव विचारा. नाव पटकन सांगता आलं नाही तर काय ते समजा.

अंगण

(बारा दिवसांनी) जाऊन आलो. पैसे मागणारी संस्था सोडली. दुसरीकडे सहा महिन्यांचा आकडा विचारला तर मॅडम म्हणाल्या, "चाळीसपैकी तेवीस. बाकीच्यांतल्या नऊ जणांचं माहीत आहे, आठ जणांचे फोन लागत नाहीत." वहीत नावं लिहिलेली होती, पुढे कुणाला कधी फोन केला त्या तारखा. मागच्या बॅचचा एक मुलगा तिथेच भेटला, रात्रपाळी बदलून घ्यायची होती म्हणून त्यांच्याशी बोलायला आला होता. भाऊ त्याच्याशी तासभर बोलत बसला. मी बाहेर थांबले.

सोमवारपासून जाणार आहे तो.